एकशे ऐंशीवा दिवस

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९.१०

आजपासून रोजनिशी. कारण आमच्या जुईच्या आहाराची पूर्ण जबाबदारी मी, तिच्या बापाने, घेतली आहे.

काल डॉ. शमा मुकादमांकडे गेलो होतो. वजन ६ किलो ७००. डॉक्टर म्हणाल्या, मान छान धरते, आधाराने बसायला लागली आहे. सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करा. त्याआधी नको, आणि फार लांबवूही नका.

सोनमची बाळंतपणाची रजा संपली. उद्यापासून ती बँकेत. तिच्या डोक्यात आधीच शंभर गोष्टी, म्हणून मी म्हटलं, हे खातं माझ्याकडे दे. ती म्हणाली, नक्की का निकेश? मी म्हटलं, तळोज्याच्या केमिकल कंपनीत नऊ वर्षं क्वालिटी कंट्रोल बघतोय. माझ्या सहीशिवाय एक ड्रम गेटबाहेर जात नाही. एक वाटी भाताचं काय घेऊन बसलीस.

ती काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

२८ सप्टेंबर. दुपारी ४

हिशोब केला. जुईचा जन्म १२ एप्रिलचा. सहा महिने १२ ऑक्टोबरला होतात, पण १८० दिवस ९ ऑक्टोबरलाच. तीन दिवसांचा फरक. घरात कोणाच्या लक्षात आला नव्हता. सोनमला सांगितलं. ती इस्त्री करत होती. म्हणाली, बरं.

तारीख ठरली. ९ ऑक्टोबर, गुरुवार, संध्याकाळी ५. फर्स्ट शिफ्ट आहे, साडेतीनला घरी येतो.

२९ सप्टेंबर, सोमवार

आई गावाहून आली. उरणच्या बाजूचं गाव, पण सामान बघून वाटलं परदेशातून आली. तांदूळ, नाचणी, घरचं तूप. जुईला मांडीवर घेऊन म्हणाली, कवा देयाचा हिला मऊ भात? मी केलेला तारखांचा आणि तयारीच्या लक्षणांचा तक्ता दाखवला. आई म्हणाली, मी तिगांना वाढवला, माज्याकडं तक्ता नव्हता. पोरीचं उष्टावण विषम महिन्यात करतान, सातवा लागला की मामाला बोलवू. एवढंच हाय.

आईला वाईट वाटू नये असं बोललो. म्हटलं, मी सांगितल्याशिवाय तिच्या तोंडात पाण्याशिवाय काही जाता कामा नये. नंतर आठवलं, सध्या पाणीही नाही. परत जाऊन सांगितलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सोनम बँकेतून आली ती थेट जुईला घेऊन बसली, चप्पलसुद्धा काढली नाही. पंपाने काढलेलं दूध दुपारी पुरलं नाही, असं आईने तिला सांगितलं. मला का नाही सांगितलं, कळत नाही. खातं माझं आहे.

जुई आता आपण जेवताना आपल्या हाताकडे बघते. तक्त्यातलं लक्षण क्रमांक ३. टिक केली.

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी १०.४०

सोनम भाजीला गेली आहे. आई आंघोळीला. जुई आणि मी.

टेबलावर केळी आहेत. जुई केळ्याकडे बघते आहे. चार दिवसांनी असंही सुरू करायचंच आहे. कंपनीत मोठा लॉट घेण्याआधी आपण नेहमी एक छोटी ट्रायल घेतो. आणि पहिला घास बापाच्या हातचा, याला काय हरकत आहे. सोनम आल्यावर सरप्राइज.

५ ऑक्टोबर. सकाळी ११.२०

ट्रायल रद्द.

तुकडा लहान होता. माझ्या मते लहान होता. अकरा सेकंद. मोजले नव्हते, नंतर मनात परत मोजले. चेहरा लाल, मग लालपेक्षा गडद. घशातून एक आवाज. डोळे माझ्याकडे. मी तिला उलटं धरलं आणि पाठीवर मारलं. तुकडा फरशीवर पडला. मग ती रडली.

आई बाथरूममधून ओरडून विचारत होती, का झाला रं. मी म्हटलं, काही नाही, खेळतोय.

फरशी पुसली. साल कचऱ्याच्या पिशवीत तळाशी घातलं. सोनमला सांगण्यासारखं काही घडलेलं नाही, कारण काही झालंच नाही. जुई झोपली आहे. श्वास नियमित. दर पाच मिनिटांनी बघतोय.

७ ऑक्टोबर, मंगळवार

या दोन दिवसांत विषयाचा सखोल अभ्यास केला. १८० हा आकडा सरासरी आहे. सरासरी म्हणजे काहींचं आधी, काहींचं नंतर. जुई नंतरवाली असू शकते. हे आपल्याला आधी सुचायला हवं होतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळी ५

आजचा दिवस. आईने मूगडाळ-तांदूळ शिजवून, घोटून, गाळून ठेवले होते. सोनम हाफ डे टाकून आली. तिने नवीन लाळेरं आणलं, पिवळं, बदकाचं.

मी आधी जिभेची टेस्ट घेतली. रिकामा चमचा ओठाला लावला. जुईने जीभ बाहेर काढली. म्हणजे चमचा ढकलला. म्हणजे तयारी नाही. तसं जाहीर केलं.

सोनम म्हणाली, अरे, ती चमचा चाटत होती. मी म्हटलं, इथे भावनांचं काम नाही. मऊ भात मी आणि आईने वाटून खाल्ला.

सोमवारपर्यंत मुदतवाढ.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज हवा खराब. कंपनीकडून येणारा तो वास खिडकीपर्यंत होता. अशा हवेत नवीन अन्न नको.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सोनमने स्पष्टच विचारलं, तू थांबवतोयस का? डॉक्टर काय म्हणतायत? मी म्हटलं, विचारतो.

गॅलरीत जाऊन दवाखान्यात फोन केला. दोन रिंग गेल्या. मग कट केला, कारण दवाखान्यात पेशंट असतात, त्यांना त्रास नको. आत येऊन सांगितलं की डॉक्टरांशी संपर्क साधला, थोडं थांबा म्हणाल्या. पहिला भाग शंभर टक्के खरा आहे.

सोनम म्हणाली, डॉक्टर म्हणाल्या असतील तर ठीक. तिच्या चेहऱ्यावर एकदम आराम आला. ते बघून बरं वाटलं.

आईला बाजूला घेऊन म्हटलं, मी नसताना काही द्यायचं नाही, तुला माझी शपथ. आईने पदराला हात पुसले. म्हणाली, शपथ कशाला घालतस निक्या. पण मानलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

जुई रोज संध्याकाळी सहा ते आठ रडते. दात येत असावेत. पावडरचं दूध देऊन पाहिलं, बाटली ढकलते. सोनम म्हणते, भूक आहे. आई म्हणते, भूक हाय. दोघींचं एकमत होणं ही चांगली गोष्ट आहे, पण त्याने ते शास्त्रीय ठरत नाही.

दिवाळीत फटाके. आवाजाने मुलं दचकतात. दचकल्यावर घास अडकू शकतो. दिवाळीनंतर.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज. रात्री ८

सविस्तर लिहिणं भाग आहे.

सोनमचा भाऊ प्रदीप आला. उरणजवळ द्रोणागिरीला गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, शब्दाला पक्का माणूस. जुईसाठी चांदीची वाटी-चमचा आणला होता. ओवाळणी झाली. आईने पातळ खीर केली होती. मला वाटलं आमच्यासाठी. प्रदीपने जुईला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, दाजी, सातवा लागलाय, मामाचा मान आहे, फक्त ओठाला लावतो.

चमचा तोंडापासून दोन इंचांवर होता. मी त्याचा हात धरला. धरला म्हणजे ओढला. खीर त्याच्या शर्टावर, थोडी जुईच्या कपाळावर. जुई घाबरून रडायला लागली.

मी म्हटलं, डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. सक्त हा शब्द ऐनवेळी आला.

प्रदीपने रुमालाने शर्ट पुसला आणि म्हणाला, असू दे दाजी, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर बरोबरच आहे. वाटी टेबलावर ठेवली आणि न जेवता निघाला. सोनम त्याला सोडायला खाली गेली, ती अर्ध्या तासाने आली. डोळे लाल. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही.

कपाळावरची खीर हाताला लागली तेव्हा जुईने हात तोंडात घातला. मी लगेच पुसला.

३० ऑक्टोबर, गुरुवार

जुई आता कमी रडते. शांत झाली आहे. पडून पंख्याकडे बघत राहते. याला मी प्रगती म्हणेन.

आई माझ्याशी कामापुरतं बोलते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

जुईचा स्वेटर घातला. मागच्या महिन्यात घट्ट होता. आज नव्हता. लोकर सैल होते.

दुपारी कंपनीत एका ड्रमच्या कागदावर सही करताना हात थांबला. सॅम्पल पास होतं. परत तपासलं. परत पास. ज्युनिअर म्हणाला, सर, झालं ना. मी अजून एकदा तपासलं.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १

सोनमला सुट्टी होती. तिने मला न विचारता अपॉइंटमेंट घेतली.

वजन ६ किलो ५५०.

मी म्हटलं, काट्याचं कॅलिब्रेशन. डॉ. शमांनी वजन परत केलं. ६ किलो ५५०.

डॉक्टरांनी जुईच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, फिकट आहेत म्हणाल्या. मग विचारलं, काय काय खाते? सोनम म्हणाली, अजून काहीच नाही, तुम्ही थांबायला सांगितलं होतं ना.

डॉक्टर म्हणाल्या, मी? कधी?

सोनम माझ्याकडे बघायला लागली. डॉक्टरही. भिंतीवर बाळांच्या वाढीचा तक्ता होता, मी तो वाचत होतो. पंखा फिरत होता. जुई माझ्या शर्टाचं बटण चोखत होती.

मग मी केळ्याचं सांगितलं. तारीख, वेळ, तुकड्याचा आकार, अकरा सेकंद. साल पिशवीच्या तळाशी घातलं तेसुद्धा. एकदा बोलायला लागल्यावर थांबता येईना. दोन रिंगांचंही सांगितलं.

डॉक्टरांनी विचारलं, त्या वेळी ती आवाज करत होती? खोकत होती? मी म्हटलं, हो, तो आवाज रोज ऐकू येतो मला. त्या म्हणाल्या, आवाज येत होता म्हणजे हवा जात होती. घास घशाकडे गेला की मुलं अशी ओकारी काढतात, शिकतानाचं असतं ते. आवाजच बंद झाला, की खरी भीती. पण तुकडा द्यायलाच नको होता, एकटं तर नाहीच. ती चूक झाली. ती एका मिनिटाची होती. पुढचा महिना ही दुसरी चूक, आणि ती मोठी आहे, निकेश. आता आजपासून सुरू करा. त्यांनी आयर्नचे थेंब लिहून दिले आणि अडकलं तर काय करायचं ते बाहुलीवर माझ्याकडून तीनदा करून घेतलं.

रिक्षात सोनमने जुईला माझ्याकडून घेतलं. घराजवळ आल्यावर म्हणाली, मी बँकेच्या बाथरूममध्ये पंप लावून बसायचे, बाटलीत बोटभर पण यायचं नाही, आणि मला वाटायचं, माझ्यामुळे पोर सुकतेय. तू समोर बसून ऐकत होतास.

मी म्हटलं, मला भीती वाटत होती. ती म्हणाली, हे एवढंच बोलला असतास तर.

मग प्रदीपला फोन लाव म्हणाली. लावला. त्याने उचलला. मी माफी मागितली. तो म्हणाला, दाजी, पोरगी बरी आहे ना? बस.

८ नोव्हेंबर. संध्याकाळी ५.४५

आईने मऊ भात केला. सोनमने जुईला मांडीवर घेतलं. मी समोर, घड्याळ, पाणी, टॉवेल, डॉक्टरांचा नंबर उघडून ठेवलेला. आई म्हणाली, शपथ सुटली का रं? रोज टोप पुढ्यात ठेवून बसायची मी. पोर टोपाकडं बघायची आन मी पोरीकडं. मी म्हटलं, सुटली.

पहिला चमचा आत गेला. जुईने तोंड वेडंवाकडं केलं. आणि मग तो आवाज.

मी गॅलरीत होतो. कसा गेलो आठवत नाही. सुकलेले कपडे काढायचे होते. काढले, घडी केली. परत उलगडून घडी केली. आतून खोकला ऐकू आला, मग आईचं हसणं, मग काहीच नाही. काहीच नाही म्हणजे आवाज बंद, म्हणून धावत आत आलो.

वाटी रिकामी होती. जुईच्या भुवयांपर्यंत भात. सोनम तिचं तोंड पुसत होती. तिने माझ्याकडे बघितलं, हातातल्या कपड्यांकडे बघितलं आणि म्हणाली, जुईचं बदकाचं लाळेरं आहे का त्यात? दे.

पहिल्या घासाच्या वेळी मी घरातच उपस्थित होतो, अशी नोंद करतो.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११

वजन ६ किलो ७२०. आई, सोनम, काल आलेला प्रदीप, तिघांच्या हातून जुई खाते. शेजारच्या शांतीकाकूंच्या हातूनही नाचणीची पेज खाल्ली, त्यांना ती फक्त दोनदा भेटली आहे.

आज सोनम म्हणाली, बस, तू भरव.

बसलो. चमचा वाटीवर आपटून वाजत होता. सोनमने माझं मनगट खालून धरलं, मग सोडलं. जुईने माझ्याकडे बघितलं आणि ओठ मिटले. मी स्वतः तोंड उघडून दाखवलं. मिटलेले. आई म्हणाली, आदी तू श्वास सोड, तुजा तोंड बगून ती भितंय.

श्वास सोडला. पंचवीस मिनिटं बसलो. एक चमचासुद्धा नाही. शेवटी तिने चमचा हातात घेतला, माझ्या नाकावर आपटला आणि आईकडे हात पसरले. आईने दोन मिनिटांत निम्मी वाटी संपवली.

उरलेलं मी खाल्लं. गार झालं होतं. सोनम म्हणाली, संध्याकाळी परत बस.