चार सेकंदांची विश्रांती

२ मार्च, सोमवार
क्लबच्या बारमधल्या मानकऱ्यांच्या पाटीवर यंदाची ओळ मोकळी आहे. वर्षाच्या मानकऱ्याचं नाव सोनेरी रंगात दरवर्षी मीच लिहितो, माझं अक्षर चांगलं म्हणून. आज शिडी लावून माप घेतलं. 'लेस हॅनाफोर्ड' बरोब्बर बसतं. पेन्सिलीने पुसट लिहूनही ठेवलं. ऐनवेळी घाई नको.

मतदान २८ ला, पण नाव उघड आहे. लॉन बोल्सचे, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या आमच्या खेळाचे, क्लब टास्मानियात ढिगाने असतील. स्कोअरचा टच स्क्रीन इथे आमच्याकडेच, आणि त्याचा प्रोग्रॅम माझा. निवृत्त झाल्यावर लोक गुलाब लावतात. मी स्क्रीनवरच्या बोटांचे इव्हेंट हाताळतो.

संकल्प : ब्रायस टीसडेलचा विचार करायचा नाही.

४ मार्च
ब्रायसचा विचार केला. त्यानेच करायला लावला. होबार्टहून इथे येऊन वर्षसुद्धा झालेलं नाही, आणि आज बारचा गळका नळ दुरुस्त केला. नळ! वॉशर बदलला की झालं. सगळ्या बायका अशा बघत होत्या की जसं काही धरणच बांधलं. त्यात माझी बायको नोएलीनही. घरचा नळ जानेवारीपासून गळतोय हे तिने वाटेत दोनदा ऐकवलं.

६ मार्च, शुक्रवार
क्लबच्या सोडतीत ब्रायसला मटणाचा ट्रे लागला. त्याने तो सरळ डल्सीबाईंना देऊन टाकला. नाटकी मेला. डल्सीबाई नव्वदीच्या पुढच्या, विरघळल्याच. वर मला म्हणाल्या, लेस पोरा, तुझा तो स्क्रीन दाबला की मेलाय की जिवंत आहे तेच कळत नाही बघ.

लगेच ब्रायस : बोट लागल्याबरोबर बटणाचा रंग बदलला तर? माणसाला कळेल, पोचलं म्हणून.

शांतपणे समजावलं. बोट टेकलं की टूलकिट, म्हणजे स्क्रीनचं तयार सॉफ्टवेअर, त्या स्पर्शाचा इव्हेंट करतं आणि रांगेत उभा करतं. माझा प्रोग्रॅम एकेकाला आत घेतो, त्याचं काम करतो, मग पुढचा. एकही हरवत नाही. रंग कशाला हवा? सगळे म्हणाले, ब्रायसची आयडिया मस्त आहे.

आयडिया मस्तच आहे. मी स्वतःच करणार होतो. आता कसली करतोय! आयुष्यभर म्हणतील, ब्रायसने सुचवलं.

१२ मार्च
नोएलीन मिश्र जोडीत ब्रायसबरोबर खेळणार. विचारलं, मी मेलोय का? म्हणाली, तू स्क्रीनपाशी असतोस ना, लेस. आणि तू हरलास की घरी येईपर्यंत बोलत नाहीस.

घरी येईपर्यंत बोललो नाही.

१५ मार्च
ब्रह्मानंद! अध्यक्षीण ग्लेनिस म्हणाली, यंदा चिठ्ठ्या नकोत, मतदान लेसच्या स्क्रीनवर घेऊ. उमेदवार दोन : मी आणि तो. नावावर बोट ठेवायचं, मत नोंदलं की घंटा वाजेल. तिने विचारलं, कुणी दोनदा दाबलं तर? म्हटलं, आपल्या क्लबात कोण दोनदा दाबणार गं?

१८ मार्च, रात्री
एक शास्त्रीय विचार सुचला. ब्रायसच्या बटणाचं काम सुरू झालं की प्रोग्रॅमने आधी चार सेकंद विश्रांती घ्यायची. नुसती विश्रांती. चार ओळी लिहूनही टाकल्या. तेवढ्यात लोक कंटाळतील, म्हणतील हे बिघडलेलं दिसतंय, आणि शेजारचं माझं दाबतील. माझं झटकन वाजेल.

हा खोडसाळपणा नव्हे. मतदारांच्या निष्ठेची चाचणी आहे. आणि मी जळत वगैरे नाही.

संकल्प : उद्या नीट तपासून बघायचं.

१९ मार्च
गवत कापलं.

२३ मार्च
जोडीच्या सामन्यात नोएलीन-ब्रायस जिंकले. तिने सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली. तपासायचा मूड नव्हता. चार ओळी तर आहेत, त्यात काय चुकणार.

२८ मार्च, शनिवार
पहिलं मत माझं, मलाच. टिंग. सुरेख.

मग रांग लागली. डल्सीबाईंनी ब्रायसचं नाव दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग काठीच्या मुठीने दाबलं. मागचे म्हणाले, जोरात दाबा, डल्सी! कंटाळून माझ्या नावाकडे वळलेला एकही दिसला नाही. प्रत्येकजण दाबायचा, थांबायचा, शिवी हासडायचा, परत चारपाचदा दाबायचा. मी बघत होतो आणि मूर्खासारखा खूश होतो, की त्याच्या घंटा फारशा वाजत नाहीयेत.

मतदान संपलं. ग्लेनिसने 'निकाल' दाबला. काही नाही. म्हणाली, आधी जेवून घेऊ.

सॉसेज वाढली आणि टिंग. चार सेकंदांनी टिंग. पुन्हा टिंग. स्क्रीनजवळ चिटपाखरू नाही. तेव्हा माझी ट्यूब पेटली. त्याचं एक काम चार सेकंद अडून बसलं, तोवर बाकीची सगळी बोटं मागे रांगेत उभी होती. एकही हरवत नाही, हे मीच सांगितलं होतं. शेवटचं गोड, पाव्हलोव्हा, आलं तरी घंटा चालूच. कुणीतरी म्हणालं, लेस, तुझ्या चर्चमधली प्रार्थना कधी संपणार?

संपली. ब्रायस २१२, लेस २. क्लबात माणसं त्रेचाळीस. टेबलं बडवून हसले सगळे. मी मात्र त्या दोनाकडे बघत होतो. एक माझं. दुसरं नोएलीनचं. भरून आलं.

ग्लेनिस म्हणाली, हात वर करा बाबांनो. ब्रायससाठी? हातांचं सगळं जंगल वर. नोएलीनचा हात सगळ्यात उंच. लोक बघत होते म्हणून मीही केला.

लेससाठी? एकच हात वर आला. ब्रायसचा.

गाडीत नोएलीनने विचारलं, फक्त त्याचंच बटण अडकत होतं, ते कसं रे? म्हटलं, टूलकिटचं काहीतरी असेल. ती म्हणाली, हं. हो, जळतो मी ब्रायसवर. इथे लिहून टाकलं.

२९ मार्च, रविवार
ग्लेनिसचा फोन : पाटीवर नाव लिहून टाकतोस ना?

शिडी धरायला ब्रायस हजर. म्हणाला, तुझा गुडघा दुखतो ना, मी आहे. वर चढलो आणि मगच आठवलं. पेन्सिल. सकाळचं ऊन थेट पाटीवर, माझं नाव खालूनसुद्धा स्वच्छ वाचता येत होतं. रबर घरी.

ब्रायसने खालून पाटी वाचली. मग म्हणाला, एक मिनिट, हलू नकोस. बारच्या नळाखाली रुमाल ओला करून आणला, वर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, आधी तेवढी धूळ पुसून घे, लेस.

पुसली. 'ब्रायस टीसडेल' लिहिलं. बरोब्बर बसलं.