हाकेला ओ कुणी द्यायची

तीर्थस्वरूप ताईंना,

वाकून नमस्कार. (गुडघ्याला धक्का लागणार नाही इतक्या अंतरावरून केला आहे, काळजी नसावी.)

तुमचा नवा गुडघा एव्हाना रुळला असेल. खरं सांगायचं तर एक यंत्रप्रेमी म्हणून मला तुमचा हेवाच वाटतो. उत्तम धातूची वस्तू, तीही अंगातच बसवलेली, चार्जिंग नाही, अपडेट नाही, रिमोट हरवायची भीती नाही. सोबत माहितीपत्रक मिळालं असेल तर रद्दीत घालू नका, मला वाचायचं आहे. जिना चढता येतो का, झोप लागते का, औषधांनी तोंड कडू होतं का, सगळं सविस्तर कळवा. तुमच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या हिला, तुमच्या मदतीला पाठवून बरेच दिवस झाले. तक्रार नाही. गुडघा एकच बदलला असं ऐकून आहे. मुक्काम मात्र दोन्ही बदलल्यासारखा लांबला आहे, एवढंच आपलं निरीक्षण.

हे पत्र मी खरं म्हणजे घरच्या यंत्राला तोंडी सांगून लिहून घेणार होतो. पण ‘अहो ताई’ म्हणायला तोंड उघडलं की दिवाणखान्यातले दिवे लागतात आणि पंखा पुढच्या हुकमाची वाट बघत राहतो, म्हणून शेवटी पेन शोधलं. दिवे का लागतात ते पुढे येईलच. तुमच्या कानावर या प्रकरणाची एक बाजू (बहिणीची, म्हणजे चांगली फोडणी घातलेली) आली असणार. मुख्याध्यापिका असल्यापासून दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही अशी तुमची पद्धत आहे. ऐकून निकाल बदलत नाही हेही मला ठाऊक आहे, पण निदान फाइलला कागद लागावा म्हणून हा खटाटोप.

मुळात मी घरात यंत्रं का आणतो याचा कुणी सहानुभूतीने विचारच केलेला नाही. माझं काम लिफ्ट तपासण्याचं. लोकांच्या इमारतीत जायचं, लिफ्टमध्ये शिरायचं, एकूण एक मजल्याचं बटण दाबायचं, धोक्याची घंटा दाबायची, बंद होणारं दार मध्येच अडवून ते मुकाट्याने परत उघडतं की नाही ते बघायचं (यासाठी आम्हाला लाकडी ठोकळा दिलेला आहे, मी पाय वापरतो), आणि लिफ्ट अडकली तर दार बाहेरून हाताने उघडायची किल्ली जागेवर आहे ना याची खात्री करायची. किल्ली नसेल तर मी कुणाचीही गय करत नाही. असा दिवसभर बटणं दाबून घरी आलेला माणूस, त्याला पंख्याचं बटण दिसलं तरी अंगावर काटा येणार नाही का? म्हणून माझं पहिल्यापासून एकच ध्येय, घरात दाबायला काही उरू नये.

याचा अर्थ दिसेल ते यंत्र मी उचलून आणतो असा नाही. माझी मतं आहेत. धुणं झाल्यावर गाणं म्हणणारं वॉशिंग मशीन मला पसंत नाही. काम केलं म्हणून गाऊन दाखवायचं काय कारण? मी लिफ्ट तपासून गात नाही. पाणी उकळलं की फोनवर कळवणारी किटली चांगली, पण मी तिच्यासमोर कप घेऊन उभा असतानाही ती फोनवरच कळवते, हा जरा शिष्टपणा झाला. दार उघडं राहिलं की कुरकुरणारा फ्रिज ठीक आहे, त्या बाबतीत घरात आधीपासून सवय होती. फरशी पुसणारी चकती गुणी आहे, फक्त एकदा पलंगाखाली शिरली की बाहेर यायचं नाव काढत नाही (हा गुण तिने माझ्याकडून घेतला असं हिचं म्हणणं). आणि तुमचा तो डाव्या कानशिलात चापट मारल्यावर चालू होणारा टीव्ही, त्याला मी नावं ठेवतो अशी तुमची समजूत आहे. तसं नाही. तेही एक प्रकारचं स्पर्शनियंत्रणच आहे.

तर या सगळ्यांना एका सुतात ओवणारं, बोलून चालणारं यंत्र मी आणलं. दिसायला डबीएवढं, कपाटावर बसतं. त्याला हाक मारायचा एक शब्द आपण ठरवायचा असतो. तो शब्द कानी पडला की ते ओ देतं आणि पुढे जे बोलाल ते करतं. सूचना अशी होती की घरात सहज तोंडात येणारा शब्द निवडा. मी प्रामाणिकपणे विचार केला. आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा, सगळ्यात सहज आणि सगळ्यात मोठ्याने उच्चारला जाणारा शब्द कोणता? अहो. मी तोच दिला. उत्तरही मीच ठरवलं, ‘ओ’. छोटं, नम्र आणि घरगुती. आता तुम्हीच सांगा, यात कुणाचा अपमान करण्याचा हेतू दिसतो का?

यंत्राला शब्द शिकवायला तो वेगवेगळ्या सुरात म्हणून दाखवावा लागतो. हिनेच तो म्हटला, सोफ्यावर बसून, हसत हसत. ताई, इतकी वर्षं मी समजत होतो की अहो एकच आहे. पण चहा निवतोय म्हणून असलेलं अहो वेगळं, चष्मा सापडत नाही तेव्हाचं वेगळं, शेजारीपाजारी ऐकत असताना दात आवळून म्हटलेलं तर अगदीच वेगळं. आणि एक होतं ज्याच्यापुढे काही कामच नसतं. मी घरात आहे ना, एवढंच बघायचं असतं. ते सगळे यंत्रात भरले आणि मी कृतकृत्य झालो.

सुरुवातीला घर कसं सुतासारखं सरळ चाललं होतं. पण आपल्या भाषेचा स्वभाव माझ्या लक्षात आला नाही. आपल्याकडे अहो हा काही फक्त नवऱ्याचा शब्द नाही, तो सगळ्या जगाचा आहे, आणि त्याच्यापुढे आपण जे बोलतो ते सहसा आपल्या मनात नसतं. हे मला आमचे साहेब आणि त्यांची पत्नी चहाला आले त्या दिवशी कळलं. दारातच ही म्हणाली, अहो या ना, आणि पलंगाखालून चकती निघून थेट साहेबांच्या बुटावर येऊन थांबली. साहेब म्हणाले, अहो दार उघडं राहिलं, लावतो मी, तर दाराने फक्त उघडं ऐकलं आणि ते सताड उघडलं. चहा ओतताना साहेबांच्या पत्नी म्हणाल्या, अहो पुरे पुरे, आणि मागे वॉशिंग मशीन साबणासकट थांबलं. नंतर दोन्ही बाजूंनी अहो घ्या हो, अहो नको हो, अशी सभ्य ओढाताण सुरू झाली, तेव्हा दिवे लागत आणि विझत राहिले आणि दरवेळी कपाटावरून नम्र आवाजात ओ, ओ येत राहिलं. शेवटी साहेबांच्या पत्नींनी साहेबांना विचारलं, अहो, निघायचं का आता? त्याबरोबर यंत्राने ‘घर सोडताना’ची सगळी व्यवस्था केली. दिवे गेले, पंखा थांबला, पडदे मिटले, दार बंद. आम्ही चौघं अंधारात, हातात कप.

अंधारातून ही अगदी शांतपणे म्हणाली, अहो, दिवे लावा. मी उठेपर्यंत दिवे लागलेसुद्धा. साहेबांच्या पत्नी कौतुकाने म्हणाल्या, तुमचे हे फार ऐकतात हो. त्यावर ही म्हणाली,

“ऐकतात ते हे नव्हेत. हे आपले बसलेत.”

त्या दिवसापासून आमच्या घरात सर्वनामांची उलथापालथ झाली. कपाटावरचे झाले ‘हे’, आणि मी झालो ‘ते’. ‘यांना सांगून ठेवलंय, सातला उठवतील,’ म्हणजे यंत्र. ‘त्यांचं जेवण झाकून ठेवलंय,’ म्हणजे मी. मी ते हसण्यावारी नेलं. आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात थोडा आरामही होता. पूर्वी हिची हाक आली की वर्तमानपत्रातून मान काढून ‘काय गं’ म्हणावं लागे. आता माझ्याआधीच कुणीतरी ओ देत होतं आणि काम परस्पर होत होतं. हळूहळू माझे कानच त्या शब्दाकडे वळेनासे झाले.

मग तो पडद्याचा दिवस आला. (हे तिने सांगितलंच असेल, पण माझ्या बाजूनेही लिहितो, कारण तिच्या बाजूने सांगितलेलंही सगळं खरंच असणार.) स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा धुऊन परत लावायचा होता. ही स्टुलावर चढली, पडद्याचा दांडा एका बाजूने अडकवला, दुसरी बाजू काही बसेना. मी बाहेरच्या खोलीत नव्या दिव्याचं माहितीपत्रक वाचत होतो. आतून आवाज आला, अहो, धरा जरा. कपाटावरून उत्तर गेलं, ओ. मी मनात म्हटलं, झालं, दिली ओ. परत आवाज आला, अहो. परत ओ. मग यंत्र म्हणालं, क्षमा करा, हे काम मला जमत नाही. मी पान उलटलं. थोड्या वेळाने दांडा पडल्याचा आवाज आला तेव्हा मी आत गेलो. लागलं कुठे नाही, पण एका हाताने ओटा आणि दुसऱ्या हाताने पडदा धरून ही उभी होती, आणि माझ्याकडे अशी बघत होती की आपण कोण, कुठल्या मजल्यावर जायचंय आपल्याला.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. झालं नाही. तिने हात धुतले आणि चहा केला, मलाही दिला. दुसऱ्या दिवशी तुमच्या गुडघ्याची तारीख ठरल्याचा निरोप आला आणि तिने इतक्या उत्साहाने बॅग भरली की मला तुमच्या गुडघ्याची शंकाच आली. (माफ करा.)

आता ती तिथून फोन करते. नियमित करते, तक्रारीला जागा नाही. पण अहो म्हणत नाही. ‘गोळी घेतली का’, ‘दूध संपलं असेल’, ‘बरं, ठेवते’. आपल्या भाषेत क्रियापदावर किती भागवता येतं ते मला या वयात कळतंय. माणसाला एकदाही हाक न मारता त्याच्याशी संसार करता येतो. माझं म्हणणं इतकंच की यंत्रात दोष नाही. जे सांगितलं ते त्याने केलं, आणि जे जमलं नाही ते जमत नाही म्हणून मोकळेपणाने सांगितलं. तंत्रज्ञान पुढे जाणारच. सवय व्हायला घरच्यांना थोडा वेळ लागतो आणि तो द्यायची माझी तयारी आहे. फक्त घर सध्या फार ओकंबोकं वाटतं, आणि पडदा एका बाजूने लोंबतो आहे, हे आपलं जाता जाता लिहिलं.

गुडघ्याला जपा. घाई करून चालू नका. आणि पूर्ण बरं वाटल्यावर बरं वाटतं असं घरात सगळ्यांना स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात सांगत चला, एवढी विनंती.

तुमच्या बहिणीचे,
(हे की ते, तुम्हीच ठरवा)

ता. क. – वर सगळं प्रेमाने लिहिलं आहेच, पण एक लहानशी तांत्रिक अडचणही आहे. दाराचं कुलूप मी त्याच यंत्राला जोडलं होतं. आतून ते हाताने उघडतं. बाहेरून मात्र फक्त नोंदवलेल्या आवाजात ‘अहो, दार उघडा’ म्हटल्यावर, आणि नोंद तिच्याच आवाजाची आहे, कारण अहो कोण म्हणतं आमच्याकडे? (साहेब आले तेव्हा आम्ही सगळे आतच होतो, आणि आतल्या बाजूने ते कुणाचंही ऐकतं.) फोनवरचा आवाज चालत नाही, रेकॉर्ड केलेला चालत नाही, ही जादा सुरक्षितता मीच निवडली होती. माझा आवाज त्यात नोंदवायलाही आधी तिची तोंडी परवानगी लागते, समक्ष. सध्या दाराच्या फटीत बूट ठेवून कामावर जातो आणि समोरच्या बाई बुटावर नजर ठेवतात. हाताने उघडायची किल्ली नाही. हे आमच्या खात्यात कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तेव्हा तिला एखाद्या दिवसापुरतं तरी पाठवावं.

आ. ता. क. – पत्र पाकिटात घालणार तोच समोरच्या बाई सुताराला घेऊन आल्या. त्याने कुलूप काढलं आणि साधी कडी बसवून दिली. चांगली आहे, हाताने उघडते. म्हणजे वरच्या ताज्या कलमातलं कारण आता उरलेलं नाही. ते खोडणार होतो, पण खोडलेलं बघून तुम्ही दिव्यासमोर धरून वाचालच. कारण उरलं नाही, तरी तिला पाठवावं.

आणखी एक. तिचे ते यंत्रात भरलेले सगळे अहो मी आत्ता, सुतार गेल्यावर, लावून ऐकत बसलो होतो. शेवटच्या, बिनकामाच्या अहोला यंत्राने ओ दिली, थोडा वेळ पुढच्या हुकमाची वाट पाहिली आणि म्हणालं, समजलं नाही. मी उठून त्याची वायर काढली. तिला सांगा, आल्यावर दारातून तसंच एक म्हणून बघ. ओ मी देईन.