दुसऱ्या मजल्याचं दार

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. आई बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. कळवणार नाहीस हे माहीत आहे, तरी विचारायची रीत आहे.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. घरचं सोडून कामाचं विचारलं तर उत्तर देशील असा माझा अंदाज आहे, म्हणून कामाचंच विचारते.

तू गेल्यापासून आपल्या इमारतीची लिफ्ट मीच बघते. वायर, मोटर, दोर, ब्रेक यांत मी कोणाला हार जात नाही. पण तू बसवलेल्या त्या चिपपुढे मी हात टेकले. दुसऱ्या मजल्यावर दार वीस सेकंद उघडं राहतं, बाकीच्या मजल्यांवर पाच. का, ते अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे. आई काठी टेकत यायची आणि लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला सांगायची, "थोरल्याने माझ्यासाठी दार थांबवलंय." तुला कधी बोलली नाही. तुला जे बोलली ते मी आतल्या खोलीतून ऐकलं होतं, ते आता उगाळत नाही.

सेक्रेटरींना, म्हणजे आपल्या घड्याळकाकांना, दुसऱ्या मजल्यावरही पाचच सेकंद हवे आहेत. त्यांच्या मते इमारतीचा वेळ फुकट जातो. मला उलट तीस हवे आहेत. कारण सवडीने लिहीन. चिपवाल्या दुकानदाराला दाखवलं, तर म्हणाला, हे असेम्ब्लीत, म्हणजे चिपच्या अगदी मूळ भाषेत लिहिलंय, आता कोण बसतं शिकत, नवीन यंत्र बसवा. नवीन यंत्र यायला दोन महिने. तेवढा वेळ माझ्याकडे नाही.

तेव्हा मला असेम्ब्ली शिकव. शाळेत गणिताच्या तासाला माझी काय गत व्हायची ते तू पाहिलं आहेस. तरी शिकव.

तुझी ठिणगी
(हो, अजून फ्यूज उडवते.)


१९ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. पाकीट मिळालं. प्रोग्रामची छापील प्रत आणि वर तुझा हुकूम: आधी दोन आकड्यांची बेरीज कर, मग एक दिवा लुकलुकव, तोवर माझ्या प्रोग्रामला हात लावू नकोस. उंटावरून शेळ्या हाकायची तुझी सवय काही गेली नाही. पण उत्तर आलं, याचा आनंद झाला. पाकीट दोन दिवस खिशात घेऊन फिरत होते.

बेरीज जमली. दोन आणि तीन पाच होतात हे सांगायला केवढा खटाटोप! दोन उचल, या कप्प्यात ठेव, तीन उचल, त्यात मिळव, उत्तर त्या कप्प्यात टाक. नमनालाच घडाभर तेल. कप्प्याला रजिस्टर म्हणायचं हे पाठ झालं. हा चिप म्हणजे पक्का सांगकाम्या. सांगितलं तेवढंच करतो आणि चुकीचं सांगितलं तर तेही तितक्याच इमानाने करतो. खरं सांगू? मला आवडला. मनात एक आणि बोलण्यात दुसरं, असं त्याचं नसतं.

दिव्याने मात्र रडवलं. पेटव, विझव, पुन्हा वर जा, एवढंच लिहिलं होतं. दिवा लुकलुकेचना, नुसता मंद जळत राहिला. चिप बदलला, वायर बदलली, तुला शिव्या घातल्या. मग तुझ्या प्रोग्राममध्ये पाहिलं, तर एका जागी तू त्याला नुसतं मोजायला बसवलं आहेस. आकडा घे, एक कमी कर, शून्य झालं का बघ, नाही तर पुन्हा. त्यातून बाहेर काहीच येत नाही. मला वाटलं, ही तुझी चूक राहून गेली. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. माझा दिवा लुकलुकत होता, पण इतक्या झपाट्याने, की डोळ्याला दिसत नव्हतं. त्या मोजण्यातच त्याचं थांबणं आहे. ते घातलं आणि दिवा शहाण्यासारखा लुकलुकला. मी टाळ्या वाजवल्या. आईने आतून विचारलं काय झालं. म्हटलं, दादाचं गणित सुटलं. नंतर तिने दिवा बघायला मागितला. पलंगाशी नेऊन दाखवला.

तू शेवटी विचारलं आहेस, वाढवायचं कशाला, दोनशे मोजून होतात त्या वीस सेकंदांत ती आरामात पोचते. हो, पोचायची. आता बरोबर सामान असतं. आई बरी आहे.

तो दोनशेचा आकडा मला सापडला आहे. तो वाढवला की झालं ना?

तुझी ठिणगी


६ मार्च

दादा,

तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. हात दाखवून अवलक्षण केलं. दोनशेच्या जागी तीनशे लिहिले, प्रोग्राम चिपमध्ये भरला, चिप लिफ्टमध्ये बसवला. भरताना संगणकाने काहीतरी इशारा दिला होता, तो न वाचता पुढे गेले. संध्याकाळी लिफ्ट रिकामी असताना चाचणी घेणार होते.

त्या दुपारीच आईला श्वास घेता येईना.

सामान म्हणजे ऑक्सिजनचा सिलिंडर, दादा. जानेवारीपासून आहे. काठी केव्हाच सुटली, चाकांची खुर्ची आली. आई बरी आहे असं मी दोनदा लिहिलं, कारण तिने मला शपथ घातली होती. म्हणाली, दुखण्याचं ऐकून येणार असेल तर येऊच नये त्याने, यायचं असेल तर आपणहून यावं. तुम्ही दोघं एकाच मातीचे, आणि मधे मी.

खुर्ची दारात घेतली. सिलिंडर अजून बाहेर होता आणि दार मिटायला लागलं. अडलं, उघडलं, लगेच पुन्हा मिटायला लागलं. बाकीच्या मजल्यांपेक्षाही घाईत. तिच्या नाकाची नळी ताणली गेली. घड्याळकाका जिन्यावर होते, ते धावले आणि त्यांनी आपला हात मनगटापर्यंत दारात घातला. मी सिलिंडर आत घेईपर्यंत काढला नाही. घड्याळाची काच फुटली. आणि त्या गडबडीत आई नळी धरून, धापा टाकत मला म्हणाली, "हे त्याचं काम नाही. त्याचं दार अशी घाई करत नाही."

चूक कळली ती दवाखान्याच्या बाकावर तुझे कागद वाचताना. एका रजिस्टरमध्ये दोनशे पंचावन्नपेक्षा मोठा आकडा मावत नाही. माझ्या तीनशेतले दोनशे छप्पन सांडले आणि उरले चव्वेचाळीस. नवशिकी म्हणून मी स्वतःला माफ करणार होते. जमलं नाही. मी फार घाबरले होते, दादा.

घरी येऊन दुरुस्त केलं. आता दीडशे मोजून झाले की पुन्हा दीडशे मोजतो. या वेळी घड्याळकाकांना सोबत घेऊन वीस फेऱ्या मारल्या. मनगटाला पट्टी बांधून ते उभे होते. दार कमी थांबवा हे त्यांनी पुन्हा काढलं नाही.

काल आईला घरी आणलं. डॉक्टरांनीच सांगितलं, आता घरीच ठेवा. याचा अर्थ तुला समजावून सांगायला नको.

वर आलो, दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं. आधी सिलिंडर बाहेर घेतला, मग सावकाश खुर्ची, तरी दार उघडंच. आईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग पॅसेजमध्ये पाहिलं, जिन्याकडे पाहिलं.

"आला का तो?" तिने विचारलं.

मी दुरुस्त केलंय असं सांगता आलं असतं. तोंडातून निघालं, "येतोय."

"जेवायला थांबेल?"

"थांबेल."

काल संध्याकाळपासून तिने पलंग फिरवून घेतला आहे. आता तिला पडल्या पडल्या बाहेरचं दार दिसतं. त्या दारात पुन्हा उभा राहू नकोस, असं तिने तुला म्हटलं होतं. मला एवढंच कळतं, की आज सकाळी तिने मला ते लोटूसुद्धा दिलं नाही.

मी तुझ्या वतीने हो म्हणून बसले आहे. शपथ मोडली, खोटं बोलले, ते माझं मी निस्तरीन. पण ते खोटं ठरू देऊ नकोस. हे पत्र हातात पडताच नीघ.

वाट पाहणाऱ्या दोघींपैकी धाकटी,
ठिणगी