मानेजवळचा कान

प्रिय दिगंबर यास,

वारज्याच्या सातव्या मजल्यावरून उत्तरेश्वरचा नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण एकदा आडवा झालेला मी परत उभा राहीन याची खात्री घरात कुणीच देत नाही.)

धुम्... धुम्... धुम्. आठवला का रे? आपल्या शाळेच्या पडवीतला तो रिकामा रांजण आणि त्याच्या तोंडावर पडणारा तुझा पंजा! तुझा आवाज वर्गाला सहन होईना म्हणून गुरुजींनी तुला कविता म्हणण्यातून सूट दिली आणि रांजणापाशी बसवले. मग आम्ही चाळीस पोरे गुरुजींनी स्वतः रचलेली ती नदीवरची कविता म्हणायचो (कुठल्याही पुस्तकात न छापलेली, म्हणून कुणी चुका न काढलेली) आणि भुजंगप्रयाताचा प्रत्येक ‘लगागा’ तुझ्या धुमवर पाय ठेवून पुढे जायचा. पुढे आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात कारकुनी केली, नाना पंपांचे आवाज ऐकले, पण तसा गोल, पोटातून आलेला आवाज पुन्हा कानी पडला नाही. तो परवा पडला, आणि तोही आमच्या बैठकीच्या खोलीत. म्हणून हे पत्र.

तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला? इकडे आमच्या यमुनाबाई ठणठणीत आहेत आणि मी किती ठणठणीत नाही हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात. नात प्रियदर्शनी हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत जाते. तिने बेस गिटार घेतली आहे. नेहमीच्या गिटारीला सहा तारा असतात, हिला चारच, पण एकेक अशी जाड की आपल्या विहिरीवरच्या पोहऱ्याला चालली असती. पोटही पोकळ नाही, सबंध लाकूड. मग हिचा आवाज येतो कुठून, असे मी विचारले, तर म्हणाली, “पिकअपमधून, आबा.” (मला पिकअप म्हणजे भाजीचा टेम्पो एवढेच ठाऊक. पण वयाला शोभेल इतकी मान हलवली.)

तर ऐक. तारांखाली काळ्या डबीसारखे दोन लोहचुंबक बसवलेले असतात. हेच ते पिकअप, गिटारीचे कान. तार हलली की त्यांना कळते आणि ते स्पीकरला सांगतात. एक कान गिटारीच्या मानेजवळ, दुसरा खाली, जिथे तार अडकवलेली असते त्या घोडीजवळ. तार तीच, बोट तेच, पण मानेजवळच्या कानाला भरदार खर्ज ऐकू येतो आणि घोडीजवळच्याला तोच सूर पडसे झाल्यासारखा, टोकदार, नाकातून. मला हे पटेना. तेव्हा प्रियदर्शनीने मला गॅलरीत नेऊन कपडे वाळत घालायची दोरी हलवून दाखवली. मधल्या भागात यमुनाबाईंचे पातळ हातभर झोके घेत होते आणि खिळ्याजवळचा माझा रुमाल नुसता शहारत होता. मानेकडे तार अशी मोकळी झुलते, घोडीपाशी ताठ असते, तिथे बारीक थरथर तेवढी उठून दिसते. कान जिथे ठेवाल तसे गाणे. मला तर यात अख्खे तत्त्वज्ञान दिसले आणि मी दोरी हलवतच राहिलो. शेवटी पातळ सहाव्या मजल्यावर गेले. (ते आणायलाही मलाच पाठवले.)

दोन्ही कानांना वेगवेगळे बटण असते. प्रियदर्शनीने घोडीचे बंद केले, मानेजवळचे पूर्ण उघडले आणि सर्वांत जाड तार छेडली. दिगंबर, रांजण! तुझा पंजा! मी तिथल्या तिथे नदीची कविता सुरू केली आणि ती पोरगी अशी गुणी की दुसऱ्या ओळीपासून ‘लगागा’ पकडून साथ करू लागली. त्याच क्षणी ठरले. सोसायटीच्या मराठी दिनाच्या कार्यक्रमात आजोबा म्हणणार, नात वाजवणार. (गेल्या वर्षी माझी कविता लहान मुलांच्या नाचासाठी कापली होती. नाच तोच पुन्हा दोनदा झाला. यंदा मी डिसेंबरातच सेक्रेटरी सुदर्शनरावांच्या दारात उभा राहून जागा मिळवली होती. यंदा गुरुजींची कविता लोकांच्या कानांवर घालायचीच, नाहीतर ती माझ्याबरोबरच जायची.)

रंगीत तालीम घरीच झाली. श्रोत्या यमुनाबाई, हातात शेंगा. मी डोळे मिटून चारही कडवी म्हटली, डोळे उघडले, तर त्या म्हणाल्या, “वाजवणं छान झालं. अहो, तुम्ही कधी सुरू करणार?” माझा आवाज मुळात खर्जातला, वर ते मानेजवळचे घुमणे. दोन म्हशी एकाच डोहात उतरल्यावर कुठली कोण ते कसे कळणार? प्रियदर्शनीने लगेच मानेजवळचे बटण मिटले, घोडीजवळचे उघडले. आता कवितेचा शब्द न् शब्द कळू लागला, पण साथीला जणू कुणी चिमट्याने नाक धरून बसले होते. मी म्हणालो, हा रांजण नव्हे. ती म्हणाली, “आबा, लोकांना कविता ऐकवायचीये की रांजण?” मी घोडीला होकार दिला आणि रात्रभर हळहळलो.

कार्यक्रमाच्या दिवशी क्लबहाऊस भरले होते. आमचे नाव पुकारले. प्रियदर्शनी खाली वाकून वायर जोडत होती, गिटार माझ्या मांडीवर होती. दिगंबर, मोह झाला. साठ वर्षांनी तो आवाज चारचौघांत उठणार आणि मी त्याचे नाक चिमटून ठेवू? मी हळूच घोडीचे बटण मिटले आणि मानेजवळचे शेवटपर्यंत फिरवले. पहिल्याच धुमला खिडक्यांच्या काचा बोलल्या, व्यासपीठावरचे तांब्या-भांडे चालू लागले, पुढच्या रांगेतल्या एका बाळाने रडायचे थांबून छताकडे पाहिले. आणि मी त्या आवाजाच्या आत उभा राहून, पडवीत उभे राहिल्यासारखा, कविता म्हणत होतो. एक अक्षर कुणाला कळले नसेल. पण टाळ्या! लोक उभे राहिले. सुदर्शनराव धावत आले. “आबा, काय भारदस्त कविता! छातीत हललं!” मी विचारले, शब्द कसे वाटले? तर म्हणाले, “शब्द काय हो, शब्द असतातच.” प्रियदर्शनीने मात्र बटणांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी तांब्या जागेवर ठेवण्यात गुंतलो. घरी येताना लिफ्टमध्ये एवढेच म्हणाली, “आबा, तुम्ही बॅंडमध्ये चालणार नाही.” पण हसत होती. मी सुखात आहे. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
उत्तरेश्वर

ता. क. तुझ्यापासून काय लपवायचे? मोह वगैरे झाला हे खरे, पण बटण फिरवले ते त्यामुळे नव्हे. नाव पुकारले आणि कवितेचे तिसरे कडवे डोक्यातून साफ गेले. तेव्हा त्या दणदणाटाच्या आड उभे राहणे एवढाच मार्ग होता. आता सुदर्शनरावांना तीच कविता पाडव्याला पुन्हा हवी आहे आणि प्रियदर्शनी घोडीच्या बटणावर हात ठेवून बसणार आहे. तू ती कधी म्हटली नाहीस, नुसती रोज ऐकलीस, म्हणून तुझ्याकडे शाबूत असेल. तिसरे कडवे उलट टपाली पाठव. पत्र लिहिण्याचे खरे कारण हेच. गुडघ्यांचे नंतर कळवलेस तरी चालेल.

ता. ता. क. तिसऱ्या कडव्याच्या जागी मी काय म्हटले, असे तू विचारशीलच. वृत्त तर मोडता येत नाही. सकाळी मंडईत जाऊन आलो होतो, तेच तोंडात आले:

मुळा वांगि मेथी नि भेंडी नि कोबी
नवा दोडका द्या, जुना द्या बटाटा

(वांग्याची ‘गी’ ऱ्हस्व केली, गुरुजींनी माफ करावे. कोथिंबीर फार प्रयत्न करूनही बसली नाही.) डोळे मिटून, हात पसरून, गहिवरून म्हटले. ब्रह्मदेवालाही कळले नाही. हे पत्र वाचून फाडून टाक.

बेल वाजते आहे. यमुनाबाई देवळात गेल्या आहेत. थांब, पाहून येतो.

आलो. आमच्या इमारती ज्यांच्या शेतात उभ्या राहिल्या त्या घरातल्या मथुराबाई आल्या आहेत. आजवर कधी आमच्या घरी आल्या नव्हत्या. त्यांना वीस वर्षे ऐकू येत नाही, सगळे समोरच्याच्या ओठांवरून समजून घेतात. त्यांनी खांद्यावरची पिशवी माझ्या पायांशी उपडी केली. मुळे, वांगी, मेथी, भेंडी, कोवळे दोडके आणि जुने बटाटे. माझ्या तोंडाकडे टक लावून म्हणाल्या, “पुढंच बसले हुते मी. येवढ्या मान्सांत येवढं कळवळून मागितलंत, आबा, आन् एकाबी मान्सानं मनावर घेतलं न्हाई! आमच्या रानातलं हाय सगळं. कोबी तेवढा न्हाई बघा आमच्याकडं. त्यो मंडईतनंच आना.”