एका डॉक्टरला किती मशिनी?

३ जून
बायोप्सीचा रिपोर्ट आला. प्रोस्टेटचा कॅन्सर, पण अजून बाहेर पसरलेला नाही. डॉक्टर म्हणाले, नुसती गाठ नाही, पूर्ण ग्रंथीच काढू. रोबोटने करू. मी 'बरं' म्हणून उठलो. परत येताना हिने रिक्षात माझा हात धरला. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, रिक्षात पहिल्यांदाच.

५ जून
भवानी पेठेत अंबादासकडे. जुना सोबती, अजून चार यंत्रमाग चालवतो. त्याला सगळं सांगितलं. "मशीन कापणार व्हय? आन् आत नस तुटली तर? आपल्या मागाला दोरा तुटलेला कळतो का? आपण पळत जातो तवा थांबतो."
पटलं. मी जन्मभर मागांचा फिटर. एक विणकर चार माग बघतो, पहिल्यापाशी असला की तिसऱ्यावर काय चाललंय ते दिसत नाही. डॉक्टरही तसेच चार पेशंटना एकदम मशीन लावून देत असतील, तर...

६ जून
घरात सांगून टाकलं, ऑपरेशन नको. जयू भडकली. बापाला एवढं बोलणारी मुलगी मीच वाढवली. भाकरी थापताना हिच्या बांगड्या जोरात वाजत होत्या.

९ जून
जयूने ओढतच नेलं. विचारलंच डॉक्टरांना, "एका वेळी किती मशिनी बघता?" त्यांना कळेना. मग चार मागांचं सांगितलं. हसले नाहीत, फार बरं वाटलं.
"एका वेळी एकच पेशंट. मशीन आपणहून काही करत नाही. मी त्याच खोलीत बसून आतलं बघतो. माझी बोटं हलली तरच तिचे हात हलतात. मी भिंगावरून डोळे काढले की ती थांबते."
म्हणजे हा हातमागच की! फक्त हात लांब आणि बारीक. आधीच सांगायचं ना. हो म्हणालो.
लघवीवरचा ताबा जाईल का, तेही विचारलं. "बहुतेकांना काही महिन्यांत परत येतो. पण शब्द देत नाही."

१६ जून
झालं ऑपरेशन, घरी आलो. पोटावर सहा बारकी भोकं. खांदा दुखतोय, पोटात भरलेल्या गॅसमुळे म्हणे. लघवीला नळी, पिशवी पलंगाला. अंबादास आला, पिशवी बघून दारातच थबकला. शेवटी मीच त्याला चहा घे म्हणालो.

२४ जून
नळी काढली. उभा राहिलो तर थांबेचना, सगळं ओलं. ही चादर बदलत होती. म्हणालो, लाज वाटते गं.
"गप बसा. जयूच्या बाळंतपणानंतर शिंकले की माझं हेच व्हायचं. वर्षभर. तुमाला कधी कळलं तरी का?"
नव्हतं कळलं. खरंच नव्हतं.

१० जुलै
लघवी रोखायचा व्यायाम चालू. आवळायचं, दहा मोजायचे, सोडायचं. बाजारात उभ्या उभ्या पण करतो. पॅड दिवसाला तीनावर आले. झोप लागते आता.

२ ऑगस्ट
रक्ताचा रिपोर्ट. कॅन्सर दाखवणारा आकडा जवळजवळ शून्य. डॉक्टर म्हणाले, "सध्या तरी काही दिसत नाही. तीन महिन्यांनी परत रक्त बघू."
बाहेर येऊन हिने लगेच जयूला फोन लावला. "काही दिसत न्हाय म्हणाले डॉक्टर." 'सध्या' गाळूनच टाकलं.
मी सांगणार होतो. पण इतक्या दिवसांनी ती हसत होती. नाही सांगितलं.