टिटवाळ्याच्या पाहुण्यांची चौकशी

ती. तानाजी दाजींना सुदेशचा पडल्यापडल्या नमस्कार (वाकता येत नाही, पाय प्लास्टरमध्ये आहे). तुमची, ताईची तब्येत बरी असेल. म्हैस दूध देते ना?

मोहने गावात बिल्डिंग रंगवताना रंगाऱ्याच्या लाकडी घोडीवरून पडलो, म्हणून कल्याणच्या दवाखान्यात आहे. फोन केला नाही, कारण इथे फोनवर बोललं की सगळा वॉर्ड कान लावून बसतो. मला बघायला आलेल्या सुमितच्या हाती चिठ्ठी देतोय. पाकीट चिकटवलंय, फाटलेलं आलं तर त्याला धरा.

तर दाजी, इथे गडबड आहे. योगिनी नावाची सिस्टर आली, पाय बघायचा सोडून विचारते, दारू घेता का? किती? सकाळी उठल्यावर लागते का? घरचे बोलतात का? आता तुम्हीच सांगा, पोराबद्दल एवढं खोलात कोण विचारतं? मुलीकडचे! टिटवाळ्याला मुलगी बघायला गेलो तेव्हा पोहे खाताना समीक्षाचे वडील बोललेले ना, चौकशी करून कळवतो म्हणून? आणि सिस्टर राहते कुठे? टिटवाळ्यालाच! (वॉर्डबॉयकडून काढून घेतलं.) मी लगेच सांगितलं, लिंबू सरबतसुद्धा कधीतरीच.

मग तिने बाजूच्या खाटेवरच्या आबांना विचारलं. आबा खूश, "पोरी, कंपनीत लागलो तेव्हापासून!" बायकांच्या वॉर्डात मंजुळा आजीला विचारलं तर आजी चप्पल शोधायला लागली. दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला विचारतात म्हणे. पण मी काय येडा आहे? एकट्यालाच विचारलं तर संशय येईल, म्हणून सगळ्यांना विचारायचं. पोलीसपण असंच करतात.

दुसऱ्या दिवशी माझे हात लटलट कापायला लागले, घाम फुटला, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या (बाकी कोणालाच दिसेनात). सिस्टर धावत आली. "दादा, खरं सांग. रोजची अचानक बंद झाली की असं होतं, जिवावर बेततं. औषध त्यावरच ठरतं."

मी ओरडलो, "टिटवाळ्याला कळवू नका!"

"अरे, टिटवाळ्याला कोणाला?"

बाई पक्की बनेल वाटली, पण मुंग्या उशीपर्यंत आलेल्या. सांगितलं सगळं. रोजची, कामावर चढायच्या आधीचीपण. तिने नाक मुरडलं नाही, औषध चालू केलं. आता मुंग्या गेल्या.

ताईला पाय मुरगळला एवढंच सांगा.

तुमचा,
सुदेश

ता. क. : सिस्टर म्हणते सोडायची असेल तर घरचं माणूस सोबत पाहिजे. मी तुमचं नाव दिलंय. येताना एखादा घोट घेऊन येऊ नका, ती तुम्हालापण विचारेल.

ता. क. २ : आज समीक्षाचे वडील, विश्रामकाका, शहाळं घेऊन आलेले. मी आडून विचारलं, चौकशी झाली का? हसले. "कसली चौकशी? तुमच्या दाजींनी शब्द दिलाय, पोरगा सुपारीलापण शिवत नाही. तेवढं बस झालं आम्हाला."

दाजी, त्यांनी कोणालाच विचारलेलं नाही. मी खरं सांगायचं सोडून शहाळ्याबद्दल थँक्यू म्हणालो. शब्द तुम्ही दिलेला, तुम्हीच टिटवाळ्याला जाऊन खरं काय ते सांगा. तोवर ते शहाळं तसंच ठेवलंय, फोडत नाही.