सात वाजताची आठवण

ता. ४ मार्च

चि. तडतड्यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद, अर्धे आत्ता, अर्धे पत्राच्या शेवटी.

तू बसवून गेलेलं बोलकं यंत्र नीट चालू आहे. त्याचा नुसता आवाज मला ऐकू येत नव्हता. तुझ्या काकांच्या जुन्या स्टिरिओला जोडल्यापासून शेजाऱ्यांनाही येतो. तू आधी वायर स्टिरिओच्या मागे रेकॉर्ड प्लेअरसाठी असलेल्या भोकात खुपसलीस तेव्हा झालेल्या आवाजाने मांजर जे पळालं, ते दुसऱ्या दिवशी परतलं. आता शेजारच्या भोकात आहे तर ठीक आहे. गाणी लावतं, हवामान सांगतं, मी थांब म्हटलं की थांबतं. या घरात असं प्रथमच होतंय.

एकच तक्रार. रोज संध्याकाळी सातला ते स्टिरिओच्या दोन्ही खोक्यांतून भिंती हलतील अशा आवाजात सांगतं, आज तिला फोन करायचा नाही. पहिल्या दिवशी शेजारच्या मास्तरीणबाई चहाला होत्या. ती कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गॅसवाली. दुसऱ्या दिवशी त्या न बोलावता पावणेसातला हजर.

ती कोण ते पत्रानेच कळव. फोनवर मला काही कळत नाही.

उरलेले आशीर्वाद.
आत्या

ता. ९ मार्च

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार, आज जरा जास्तच वाकून.

तुझं खातं नव्हतं म्हणून यंत्र माझ्या खात्यावर चालू केलं. माझ्या फोनवरची आठवण तिकडेही वाजणार, हे दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्याला सुचायला हवं होतं. सातच्या आधी स्टिरिओचं बटण टेपकडे फिरवत जा, म्हणजे आवाज येणार नाही.

ती माझ्या वर्गातली. मार्कांवरून सरांच्या टेबलावर पेपर फेकून मी कॉलेज सोडलं, तेव्हा जिन्यात तिने सांगितलं की माझं म्हणणं बरोबर आहे, पण वागणं गाढवाचं आहे. त्यावर मी जे बोललो ते आत्याला लिहिण्यासारखं नाही. आता तिला दूर नोकरी लागली आहे, महिनाअखेरीस जाईल. आधी फोन तिने करावा असं मी ठरवलंय. संध्याकाळी निश्चय ढिला पडतो, म्हणून ती आठवण. दुकानाचे मालक म्हणतात, तारा जोडायचं सोल्डर वितळवायला मला गरम गन लागतच नाही, डोकं टेकवलं तरी पुरे.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू दे.
तुझा
तडतड्या

ता. १५ मार्च

चि. तडतड्यास,
आशीर्वाद, थोडे हातचे राखून.

बटण फिरवलं नाही. ज्याला फोन करायचाच नसतो, त्याला रोज आठवण लावून घ्यावी लागत नाही. मास्तरीणबाईंचंही हेच मत. मुलगा फारसा हुशार दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्याच घरचा आहे.

तुझे काका रागावले की हेडफोन लावून बसायचे. आपणहून बोलायचं नाही असं ठरवून एक सबंध उन्हाळा मी घालवला होता. हेडफोन अजून कपाटात आहे. तो उन्हाळा कुठेच नाही.

तुझं माझ्याकडे वाजतं, तर माझंही तुझ्याकडे वाजत असणार. शनिवारी दुपारसाठी मी यंत्राला एक गोष्ट सांगून ठेवली आहे.

लोभ असावा, आणि थोडं भान.
आत्या

ता. २३ मार्च

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आज पोचलं. तुझी आठवण परवाच वाजली. फोन काउंटरवर होता, समोर मिक्सर घेऊन आलेलं गिऱ्हाईक. फोन खणखणीत आवाजात म्हणाला, त्या मुलीला फोन कर गाढवा, आत्या. गिऱ्हाईक मिक्सर विसरलं. मालकांनी माझ्या हातातली सोल्डरची गन काढून घेतली, प्लग ओढला आणि दाराकडे बोट दाखवलं.

फोन केला. तिने उचलला. मी माफी मागितली. नीट ऐकू आलं नाही, पुन्हा म्हण, असं ती म्हणाली. ऐकू आलं होतं. पुन्हा म्हटलं. मग ती बोलत राहिली आणि मी मध्ये तोंड घातलं नाही. तिचं जाणं टळणार नाही. येत्या शनिवारी गाडी आहे, बॅगा जड आहेत, हात घेऊन ये आणि जीभ घरी ठेव, असं बजावलंय. गेल्यावर फोन कर असं काही म्हणाली नाही. करू नकोस असंही म्हणाली नाही.

जुनी आठवण काढून टाकली. शनिवारपर्यंत सातला तुमच्याकडे सामसूम असेल. रविवारपासून पुन्हा वाजेल, रोज. वाक्य जवळपास तेच आहे, एक शब्द कमी. बटण आहे तिथेच असू दे, आणि मास्तरीणबाईंना सांग, चहाची वेळ बदलायला नको.

लोभ वाढवू नकोस, आहे तेवढ्यानेच दुकानात तोंड दाखवता येत नाही.
तुझा
तडतड्या